गुडघ्यातली बिजागरी

भूम, सोमवार, ६ जानेवारी १९६४

आज एसटीच्या पायऱ्या मी कुणाचा हात न धरता उतरले. दिवसभरात दुसरं काही घडलं नसतं तरी रोजनिशी पुन्हा सुरू करायला एवढं पुरेसं होतं.

लातूरहून छोट्या रेल्वेगाडीनं बार्शी आणि बार्शीहून एसटीनं भूम. पापण्यांपर्यंत धूळ बसली होती. कंडक्टरनं टपावरची ट्रंक खाली दिली आणि "सावकाश, बाई," म्हणाला. मी सावकाशच उतरले, पण मनातून उडी मारली. गुडघा धरल्यापासूनची सगळी वर्षं लातूरला भावाच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात गेली. धान्य निवडायचं, भाचरांना शुद्धलेखन घालायचं, आणि परसात न्यायला कुणाला सवड होतेय याची वाट बघायची. भाऊ-भावजय वाईट नाहीत. पण वाट बघून माणूस जे दमतं, ते दमणं दुखण्याहून वाईट असतं.

आता उजव्या गुडघ्यात हाडाचा सांधाच नाही. त्या जागी पोलादी बिजागरी आहे. गेल्या वर्षी सोलापूरला, विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी बसवली. एक सळई वर मांडीच्या हाडात, एक खाली नडगीत, आणि दोन्हीला जोडणारी आडवी पिन. दाराला असते तशीच, फक्त रेखीव. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतः गुडघा वाकवून दाखवला. म्हणाले, हाड झिजतं आणि थकतं, पोलादाला ते ठाऊक नाही. मला त्या पोलादाचा हेवा वाटला होता.

उद्या जिल्हा परिषदेच्या कन्याशाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचं. खोली ताहेराबींकडं मिळाली आहे. साठीच्या आहेत, एकट्याच असतात, पुढच्या खोलीत त्यांचं बांगड्यांचं दुकान. त्यांनी आधी माझी रिकामी मनगटं बघितली, मग तोंड. नुसता चहा पुढं केला. त्याही विधवा, मीही. आमचं जमेल.

रविवार, १९ जानेवारी

शाळा अंगवळणी पडतेय. तीन खोल्या, वर पत्रा, अंगणात एक लिंबाचं झाड. मुली थंडीनं कुडकुडत येतात आणि दहा वाजता पत्रा तापला की झोपाळतात. मी त्यांना उभं करून कविता म्हणायला लावते. स्वतःही उभी राहते. खुर्ची आहे, पण बसावंसं वाटत नाही. बसणं पुष्कळ झालं.

ताहेराबींचे रोजे सुरू झालेत. दिवसभर थुंकीसुद्धा गिळत नाहीत आणि गिऱ्हाइकाशी मात्र गोड बोलतात. त्यांनीच सांगितलं की लोखंडी गुडघ्याची मी या गावातली दुसरी. पहिला बब्रुवान शिंपी, बाजारामागच्या बोळात. त्याच सोलापूरच्या डॉक्टरांचा हात. मला इतका आनंद झाला की आज दुपारी विचारत विचारत गेलेच.

बब्रुवान माझ्याच वयाचे, सडसडीत, मिशा कात्रीनं नीट कातरलेल्या. रझाकारांच्या वेळी सरहद्दीवरच्या कँपात निरोप पोचवायचे, तेव्हा गुडघ्यात गोळी बसली. पुढं कितीतरी वर्षं पायडल मारता येईना म्हणून मशीनचं चाक हातानं फिरवून कपडे शिवले. माझ्या आधी वर्षभर त्यांना बिजागरी बसली. त्यांनी धोतर वर करून वण दाखवला. मीही लाज सोडून पातळ जरा वर घेतलं. दोन्ही वण एकाच आखणीचे. त्यांची बायको विठाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

बब्रुवान म्हणाले, "आपली आई येगळी असंल बाई, पन लोहार एकच. आजपासनं तुमी माझी गुडघाभैन."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कधी हसले होते आठवत नाही. त्यांनी तिथंच माझं पोलकं शिवायला घेतलं. पायडलवर त्यांचा गुडघा वर-खाली, वर-खाली होत होता, बघत राहावंसं वाटत होतं. मधूनच बारीक कट् असा आवाज येई. मशीनला तेल हवं असेल.

रविवार, २ फेब्रुवारी

आवाज मशीनचा नव्हता.

बुधवारी फळ्याकडून वळताना माझ्याच गुडघ्यात कट् झालं. दुखलं नाही. बोटं मोडल्यासारखं. नंतर चालताना दर पावलाला. ताहेराबी बांगड्या दोऱ्यात ओवत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा पाय बोलतो जी." मी म्हटलं, थंडी आहे.

पण शुक्रवारचं लिहून ठेवते. मुली सातचा पाढा म्हणत होत्या आणि मी बाकांमधून फिरत होते. थोड्या वेळानं ध्यानात आलं की मुलींचा शब्द आणि माझं पाऊल एकदमच पडतंय. मी थांबले. मुलीही थांबल्या, मधेच. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी हलले नव्हते, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते. आणि आत कट् झालं.

मुलींनी पाढा पुढं सुरू केला.

रविवार, १६ फेब्रुवारी

ईद झाली. ताहेराबींनी वाटीभर शीरखुर्मा दिला आणि मी खात असतानाच माझा डावा हात ओढून दोन काळ्या काचेच्या बांगड्या चढवल्या. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या की विचारायला येणारं इथं कोण आहे. मग ठेवल्या. शाळेत जाताना काढेन.

उरलेला शीरखुर्मा घेऊन बब्रुवानकडं गेले. मशीन कोपऱ्यात, वर चादर घातलेली. ते बाजेवर पाय पसरून बसलेले, मांडीवर गोधडी. तब्येत उतरलीय. मिशा वाढल्यात. मी काम बंद का म्हणून विचारलं, तर विठाबाईंनी मान फिरवली. मग मला दिसलं. गोधडी गुडघ्यापाशी वर उचलली जात होती आणि खाली बसत होती. पायडल मारल्यासारखी. वर, खाली.

त्यांनी सांगितलं की महिना होत आला. मशीनवरून उठलं तरी पाय थांबत नाही. आधी घटकाभर चालायचा, आता दिवसभर. दाबून धरला तर सांध्यातून असा जोर येतो की दाबणाराच उचलला जातो. विठाबाई एकदा वर बसल्या होत्या, खाली पडल्या.

बब्रुवान माझ्याकडं न बघता बोलले, "ह्ये थकत न्हाय, बाई. म्या थकलो."

परत येताना बोळाच्या तोंडाशी क्षणभर उभी राहिले. भूक लागली होती, ऊन होतं, लोक जात-येत होते. सगळं रोजच्यासारखं. वर्षभरानं मी कुठं असेन ते मी आत्ताच बघून आले होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रजा टाकून सोलापूरला गेले. जाऊन-येऊन जीव गेला.

डॉक्टरांनी मला दोन शिकाऊ डॉक्टरांसमोर चालवलं. वळवलं. पुन्हा चालवलं. आवाजाचं सांगितलं तर हसले, नवी चप्पलसुद्धा वाजते म्हणाले. बब्रुवानचं सांगितलं, तेव्हा हसले नाहीत. त्या रोग्यानं सांगूनही पायडल सोडलं नाही, दोष त्याचा, असं म्हणाले. मग मला पुढच्या महिन्यात मुंबईच्या एका सभेत मोठ्या डॉक्टरांना चालून दाखवायला याल का म्हणून विचारलं. तोवर विश्रांती घ्या म्हणाले.

मी तिथंच बाकावर बसून राहिले. राग यायला हवा होता. तेवढी ताकद नव्हती.

मंगळवार, ३ मार्च

काल उस्मानाबादहून साहेब तपासणीला आले होते. मी लंगडते हे कळलं तर जागेवर दुसरं माणूस येईल, मला लातूरला, कोपऱ्यात. म्हणून सकाळी गुडघ्याला पट्टा घट्ट आवळला आणि त्यांच्याबरोबर तिन्ही खोल्या फिरले.

तिसऱ्या खोलीत ते मुलींना नकाशा विचारत होते. मी टेबलाशी उभी. गुडघा वाकला.

मागं वाकला.

बगळ्याचा वाकतो तसा. दुखलं नाही. ते सगळ्यात वाईट. मी टेबल धरलं, पातळ सावरलं, तो आपोआप सरळ झाला. साहेब नकाशाकडं बघत होते. शेरा चांगला देऊन गेले.

पुढच्या रांगेतल्या मुलींनी बघितलं. आज त्यांतली एकही शाळेत आली नाही. एकीच्या घरी गेले. आईनं दार किलकिलं करून पोर आजारी आहे म्हणून सांगितलं. तिची नजर माझ्या पायावर होती.

रविवार, १५ मार्च

पंजा बाहेरच्या बाजूला फिरू लागलाय. उठल्यावर बघते तर बोटं भिंतीकडं. हातानं सरळ करते. हाडाच्या आत सळई फिरताना जाणवते, खलात बत्ता फिरावा तशी. गुडघ्यावर काळसर डाग आलाय. ताहेराबी हळद लावतात.

बब्रुवानकडं गेले. जायला नको होतं, पण हे दुसऱ्या कुणाला कळणार? बाजेसमोर पाटावर बसले. त्यांचा पाय चाललेला. विठाबाईंनी पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि विठाबाई अचानक उठून बाहेर गेल्या.

माझाही पाय चालला होता. त्यांचा वर तेव्हा माझा वर. त्यांचा खाली तेव्हा माझा खाली. कट्. कट्. एकाच ठेक्यात. दोन माणसं एका मशीनवर बसावीत तशी.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंड मात्र शांत होतं.

म्हणाले, "उद्या बार्शीला जातो. कापून टाकतो. तुमी बी चला, बाई. एका गाडीत जाऊ."

मी म्हटलं, वार्षिक परीक्षा तोंडावर आहे.

"परीक्षा लई येतील," ते म्हणाले.

मी उठले. दारापर्यंत यायला फार वेळ लागला. पाय त्या घरातून निघायला तयार नव्हता.

रविवार, २२ मार्च

कापला. मांडीपासून. जीव वाचला. आज बब्रुवानला घरी आणलं. भेटायला गेले तर झोपले होते. दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. माशी ओठावर बसली तरी जाग नाही. विठाबाई वारा घालत होत्या आणि रडत होत्या. म्हणाल्या, किती दिवसांनी झोपलेत, बोलू नका.

मग मला परड्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं. पाय दवाखान्यातून मागून घेतला, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून. फडक्यात बांधून गाडीतून आणला. येताना गाठोडं हलत होतं. खड्ड्यांनी हलत असेल म्हणून त्यांनी तिकडं बघितलं नाही. नदीकाठी खड्डा घेतला, त्यांच्या भावानं माती लोटली.

माती बसेना, म्हणाल्या. दाबली की वर यायची. दाबली की वर.

शेवटी जात्याची तळी वर ठेवून आले.

शनिवार, २८ मार्च

ताहेराबी आज पहिल्यांदा रागावल्या. म्हणाल्या, शिंप्याकडं बघा, एक पाय गेला, माणूस राहिलं. तुम्ही कशाची वाट बघता? मी काय सांगू. एका पायाची मुख्याध्यापिका कोण ठेवील? पुन्हा ती ओसरी. पुन्हा परसात नेण्यासाठी हाका.

परीक्षा होऊ दे. पाडवा होऊ दे. मग बघू.

हे लिहिताना पाय वर-खाली होतोय. अक्षर बघा.

शुक्रवार, ३ एप्रिल

ताप. शाळेत गेले. वर्गात अर्ध्याच मुली. त्याही मागच्या बाकांवर.

बसून शिकवलं. टेबलाखाली पाय चालू. टेबल हलत होतं. दौत सांडली.

कुणीही हसलं नाही. मुली हसत नाहीत तेव्हा —

मंगळवार, ७ एप्रिल

डाग फुटला. काळं पाणी. पू नव्हे, शाईसारखं. बोटांत चोळलं तर कचकच. लोखंडाचा कीस.

झिजत नाही म्हणाले होते डॉक्टर. झिजतंय. माझ्यात झिजतंय.

गुरुवार, ९ एप्रिल

शाळेत जायचं नव्हतं आज. अंथरुणावर पडून होते. ताहेराबी दुकानात. डोळा लागला.

जागी झाले ती दारात उभी. उंबऱ्यावर. मी चालले नाही. मी चालले असते तर दुखलं असतं. डावा पाय मागं फरफटत आलेला, नखं रक्ताळलेली.

ताहेराबींनी धरून आत आणलं. दार आतून लावायला सांगितलं. कुणासाठी आतून —

शनिवार, ११ एप्रिल

बब्रुवान आले. कुबड्या घेऊन, एका पायावर, बोळातून इथवर. घामाघूम. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, त्यांना आता मांडीच्या टोकाला काही होत नाही. शांत आहे. फक्त ऐकू येतं.

विचारलं काय.

"तुमचा पाय," म्हणाले. "घरापातुर."

मी हात जोडले. म्हटलं, उद्या जाते. कापू द्या. भावाला कळवा. कोपरा चालेल मला. कोपरा फार चांगला होता.

रविवार, १२ एप्रिल, दुपार

ताहेराबी जीप बघायला गेल्यात. बार्शीला आजच. येईपर्यंत लिहीत बसा म्हणाल्या, मन गुंतेल.

ऊन फार. गल्लीत चिटपाखरू नाही.

पट्टी सोडली. पिनेचं डोकं कातडीबाहेर आलंय. चिमटीत धरलं — आली. सगळी. ओढावीसुद्धा लागली नाही. झिजून दाभणाएवढी झालीय.

म्हणजे आत आता जोडलेलं काही नाही. वर मी. खाली तो. मधे नुसती कातडी.

तरी वाकतोय.

पातळाचा काठ फाडून त्यानं पाय खाटेच्या दांडीला बांधला. दोन गाठी. खाट हलते. खाट सरकतेय —

दमले. फार दमले. भीतीसुद्धा दमली. त्याला म्हटलं, थांब रे बाबा. जीप येऊ दे.

थांबला.

कट् नाही. काही नाही. किती दिवसांनी. बाहेर जीपचा आवाज आल्यासारखा —

गाठ सुटली. मी सोडली नाही. टाच जमिनीला लागली, फरशी गार लागायला हवी — लागली नाही मला —

कातडी ताणतेय. दुखत नाही. अजून दुखत नाही.

त्यानं पाऊल टाकलं. मी अजून खाटेवरच आहे आणि —